म्हातारीच्या दोऱ्या

सांगतो, पण एका अटीवर. मधेच कुणी दिवा लावायला उठायचं नाही, आणि शेवटी मला 'हे कसं झालं' असं विचारायचं नाही. मला ठाऊक नाही. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, शंका काढणं हाच माझा धंदा, पण या गोष्टीत शंका कुठून काढायला सुरुवात करावी तेच मला अजून उमगलेलं नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा शेजारी. दोन घरांत एकच भिंत. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. म्हणजे... एकदा बोलला. तेच सांगायचंय.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. संध्याकाळी पाच वाजता धाकटा, म्हणजे हाच माझा शेजारी, घरातून बाहेर पडला. काम म्हटलं तर एवढंसं. नाट्यगृहात जायचं, थोरल्या भावाच्या बाहुलीच्या दोऱ्या कापायच्या आणि परत यायचं. खिशात कात्री होती, बाकी हात रिकामे.

थोरला त्याच दिवशी पहाटे गेला होता. आदल्या रात्री तालमीत छाती धरून खाली बसला, तो पुन्हा उभा राहिला नाही. दुपारी त्याला पोचवून आले. अजून अंगावरचं पाणी वाळलं नव्हतं.

दोघं भाऊ कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायचे. बापाकडून आलेला धंदा. बाहुल्या कोरायचा धाकटा, नाचवायचा थोरला. त्यांच्या बाहुल्या म्हणजे पोरांनी बगलेत मारून पळावं अशा नव्हेत. कमरेएवढ्या उंच, भरीव लाकडाच्या, आठ-दहा किलोच्या. एवढं वजन नुसत्या हातांनी पेलवत नाही. म्हणून खेळकरी डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवतो, चुंबळीवर लोखंडी कडं, आणि बाहुलीच्या डोक्याच्या, खांद्यांच्या, पाठीच्या दोऱ्या त्या कड्याला बांधलेल्या असतात. हातांच्या तेवढ्या बोटांत. पडद्यामागे माणसाने मान वळवली की पुढे बाहुली मान वळवते. म्हणजे दोऱ्या मापायच्या त्या त्या माणसाच्या उंचीवर. एकाचा चष्मा दुसऱ्याला लागत नाही, तशी एकाची बाहुली दुसऱ्याला चालत नाही.

आणि त्यांच्या मंडळीत एक रीत होती. खेळकरी गेला की त्याच दिवशी, उजेड आहे तोवर, त्याच्या बाहुलीच्या दोऱ्या कापायच्या. आधी हातांच्या, मग पाठ-खांद्यांच्या, डोक्याच्या शेवटी. का, ते बापाने कधी सांगितलं नाही. या दोघांनी कधी विचारलं नाही.

निघताना दारात गवई उभे होते. खेळात गायचे ते, सत्तरी उलटलेले, तोंडाने फटकळ.

"अंधार पडायच्या आत," ते म्हणाले. "दिवा लावून कापलेलं कापण्यात धरत नाहीत. तिथे जाऊन रडत बसू नकोस. रडायला जन्म पडलाय."

"हो."

"हो म्हणतोस तेव्हाच मला धास्ती वाटते."

नाट्यगृह रिकामं होतं. पाठीमागच्या खोलीत ओळीने बाहुल्या टांगलेल्या. राजा, चोर, शिपाई. आणि शेवटच्या आकड्याला म्हातारी.

ही म्हातारी म्हणजे थोरल्याचा जीव. तिचा चेहरा धाकट्याने आपल्या आईवरून कोरला होता. आई तेव्हा धडधाकट होती. "मेल्या, माझं नाक एवढं मोठं आहे का रे?" म्हणून हसली होती. चालही आईचीच. एक हात कमरेवर, दुसरा हवेत, जरा थांबून, मागे वळून, पुन्हा पुढे. म्हातारी पडद्याबाहेर आली आणि चार पावलं चालली की लोक टाळ्या वाजवायचे, ती काही बोलायच्या आधीच. दोन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली आणि ती अंथरुणाला खिळली. त्यानंतर ती चाल जगात एकाच ठिकाणी उरली होती. या सात दोऱ्यांत.

धाकट्याने कात्री काढली. मग त्याच्या मनात आलं, आधी माप घ्यावं. गाठीपासून गाठीपर्यंत. मापं असली तर चाल पुन्हा बांधता येईल. त्याने सातही मापं घेऊन कागदावर टिपली. तरी त्याला भरवसा वाटेना. चाल मापांत असते की माणसात? दोघा भावांच्या उंचीत अर्ध्या बोटाचा फरक. त्याने चुंबळ डोक्यावर ठेवली, कडं चढवलं. एकदाच बघू.

तसा तो काही खेळकरी नव्हे. त्याच्या हातात बाहुली आली की गवई म्हणायचे, "हिला काय मुरडा झालाय का?" पण त्या संध्याकाळी म्हातारी चालली. थांबली, मागे वळली, पुन्हा पुढे निघाली. हुबेहूब आई. धाकटा रडत-रडत तिला त्या खोलीत फिरवत राहिला. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

भान आलं तेव्हा खिडकी काळी झाली होती.

आता कापून उपयोग नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. खरं सांगायचं तर त्याला कापवेना. म्हातारी चादरीत गुंडाळून तो घरी आला आणि आपल्या कामाच्या खोलीत नेऊन टांगली. तिथे छताच्या तुळईला एक लांब आकडा लोंबत होता, बरोबर दोघा भावांच्या डोक्याच्या उंचीवर, दोऱ्या बांधताना कडं अडकवायला. त्यावर कडं लावलं की बाहुलीचे पाय फरशीला टेकत.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसली होती. दिवसभरात ती दुसऱ्यांदा बोलली.

"भावजी, कापल्या?"

"कापल्या."

हे ते खोटं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आईला थोरला गेल्याचं सांगितलं नव्हतं. धक्का सोसणार नाही, आठ-दहा दिवस कळू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिची खोली कामाच्या खोलीला लागून. सकाळपासून ती विचारत होती, थोरला कुठाय? बाहेरगावी खेळ आहे, असं तिला सांगत होते.

त्या रात्री धाकट्याला आवाजाने जाग आली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

टक. टक... टक.

लाकडाचा फरशीवर. त्याने कामाच्या खोलीचं दार उघडलं. म्हातारी आकड्याला स्थिर. तिचं तोंड मात्र भिंतीकडे होतं. टांगताना कुठे होतं ते त्याला आठवेना. मग तो आईच्या खोलीत डोकावला. ती जागी होती. हसत होती.

"थोरला आला होता," ती म्हणाली.

धाकटा पलंगाशी गेला. "काय... काय म्हणाला?"

"म्हणाला काही नाही. उठवत होता मला."

तिचा डावा हात पांघरुणावर होता. दोन वर्षं त्या हाताची मूठ आवळलेली. बोटं उघडून आतली नखं कापायची तर दोघंजण लागायचे. आता तळहात उघडा होता, बोटं सरळ.

बुधवारी सकाळी वहिनीने तो हात पाहिला आणि तोंडात पदर कोंबून रडली. घरातून एक माणूस गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रडायला दुसरंही कारण मिळालं होतं. आईने त्या हातात पेला धरला. सांडला, पण धरला.

आता तुम्ही म्हणाल, त्याने तेव्हाच दिवसाउजेडी दोऱ्या कापायला हव्या होत्या. पुढे त्याच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मीही त्याला हेच म्हणालो. तो म्हणाला, "तुमची आई कधी अंथरुणात होती का?"

बुधवारी रात्री तो जागाच राहिला. दोन वाजून दहा मिनिटांनी कामाच्या खोलीत टकटक सुरू झाली. त्याने तिकडे पाहिलंच नाही. आईच्या दाराच्या फटीला डोळा लावला. खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड येत होता. आई उभी होती.

कमरेवर एक हात. दुसरा हवेत. चार पावलं चालली, थांबली, मागे वळली. फक्त वळताना आधी मान वळली. मग खांदे. मग उरलेली आई.

त्याने डोळे पुसले आणि मनात म्हणाला, दादा, असाच रोज येत जा.

गुरुवारी आई दिवसभर झोपून होती. हाक मारली तर ओ देईना, दूध घेईना. गाल बसले होते. डोळ्यांखाली कोरल्यासारखे खड्डे पडले होते. वहिनी घाबरली. संध्याकाळी गवई आले. त्यांनी आईकडे पाहिलं, तडक कामाच्या खोलीत गेले, आणि बाहेर आले ते लाल डोळ्यांनी.

"काय रे, कात्री बोथट होती काय?"

धाकट्याने दार लोटून घेतलं. "हळू बोला. वहिनी ऐकेल."

"ऐकू दे ना! तिलाही कळू दे, दीर कसला दिवटा आहे ते."

"गवई, आईचा हात उघडलाय. ती चालते. मी बघितलंय. दादा येतो, तिला उठवतो. तुम्हाला नकोय का ती उठलेली?"

"जिवंत होता तोवर दोन वर्षांत त्याला तिचं एक बोट हलवता आलं नाही. मेल्यावर बरी कला अंगात आली."

"तो तिचा मुलगा आहे! तिला काही करणार नाही तो."

गवई खाली बसले. त्यांचा आवाज उतरला. "थोरला असेल तर माझं काही म्हणणं नाही. मी तुझ्या पाया पडेन. पण एक कर. तू कोरणारा माणूस, तुझी नजर कायम तोंडावर. मी पंचवीस वर्षं पुढे बसून गायलोय, माझी नजर पायांवर. शिकाऊ माणसाच्या बाहुलीचे पाय जमिनीपासून सुटतात. तुझ्या भावाची म्हातारी कधी सुटली नाही. ताप असला तरी नाही, प्यायलेला असला तरी नाही. तो काय म्हणायचा?"

"पाय टेकले नाहीत तर ते वाळत घातलेलं धुणं."

"हां. तर आज रात्री वर बघू नकोस. खाली बघ."

गुरुवारची रात्र. दीड वाजल्यापासून धाकटा आईच्या दाराबाहेर पालथा पडून होता. गाल फरशीवर. दाराखाली चांगली तीन बोटं फट होती. रस्त्याच्या दिव्याच्या उजेडाची एक पट्टी आतल्या फरशीवर आडवी पडलेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

दोन वाजले.

दोन वाजून पाच.

कुठेतरी नळ ठिबकत होता. तो थांबला.

टक.

शेजारच्या खोलीत. टक... टक...

पलंग करकरला. आईच्या खोलीत. मग काही नाही. पावलांचा आवाज नाही. कालही नव्हता. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. चालत होती ती बाहुली. आवाज तिचा. आईच्या पायांचा आवाज आलाच नव्हता...

मग पाय दिसले.

अंगठे खाली. टाचा वर. बोटं सैल, लोंबलेली. ते पाय पुढे गेले. थांबले. वळले. पट्टीवरून आले.

उजेडाची पट्टी तुटली नाही.

त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत सलग होती. पाय तिच्यावर होते. दोन बोटं वर.

धाकट्याच्या तोंडून श्वासाबरोबर एवढंच निघालं. "दादा नव्हे."

पाय थांबले.

हळूहळू त्यांचे अंगठे दाराकडे वळले.

तो उठला कसा, कामाच्या खोलीत पोचला कसा, त्याला सांगता येत नाही. दिवा लावला. म्हातारी खोलीच्या मध्ये, आकड्याखाली उभी होती, दोन्ही पाय फरशीवर घट्ट. सगळ्या दोऱ्या ताणलेल्या. तारेसारख्या. त्याने कात्री घेतली.

भिंतीपलीकडून आई म्हणाली, "बाळ."

तो थांबला.

"बाळ, राहू दे."

तिचाच आवाज. झोपेतला नाही. खणखणीत, दोन वर्षांपूर्वीचा.

"आई... कोण आहे तिथे? तुझ्याबरोबर कोण आहे?"



"मला चालायचंय रे."

त्याने डोळे मिटले. हाताची पहिली दोरी कापली. भिंतीपलीकडे काहीतरी सैल आपटलं. दुसरी. पुन्हा आपटलं. पाठ. खांदा. खांदा. आई बोलत नव्हती. नुसता श्वास... लांब... भिंतीला तोंड लावून घेतल्यासारखा. डोक्याच्या दोन दोऱ्या राहिल्या. एक.

"बा..."

दुसरी.

म्हातारी फरशीवर कोसळली. शेजारच्या खोलीतही कुणीतरी कोसळलं. मग सगळं घर शांत. नळ पुन्हा ठिबकायला लागला.

आई खाली पडली होती, डोळे उघडे. श्वास चालू होता. वहिनी धावत आली. दोघांनी उचलून तिला पलंगावर ठेवलं. धाकटा तिचा डावा हात धरून बसून राहिला. मूठ पुन्हा आवळली होती. त्याने ती सोडवून पाहिली. सुटेना. आपण आईच्या अंगातलं जेवढं परत आलं होतं तेवढं कापून टाकलं, असं म्हणत तो उजाडेपर्यंत रडला. वहिनीला सगळं सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

सकाळी गवई आले. मागच्या अंगणात दोऱ्या जाळल्या. कापल्या केव्हा, हे गवईंनी विचारलं. धाकट्याने सांगितलं. दिवा लावला होता का, विचारलं. होता म्हणाला. गवई राख पायाने पसरत राहिले.

आणि शुक्रवारी दहाच्या सुमारास आई उठली.

दिवसाउजेडी. सगळ्यांच्या देखत. पलंगावरून उतरली, भिंतीला न धरता स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "घसा कोरडा पडलाय. चहा ठेवा कुणीतरी." डावा हात कमरेवर होता, मोकळा.

डॉक्टरांनी तपासलं. असं कधीकधी होतं म्हणाले. मेंदू स्वतःला सावरतो. मीही तेव्हा त्यांच्या घरी होतो, मीही मान डोलावली. शिकलेल्या माणसाला मान डोलवायला एवढं पुरतं. दोन दिवसांनी तिला थोरल्याचं सांगितलं. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "ठाऊक आहे," म्हणाली.

ती त्यानंतर सव्वातीन वर्षं जगली. चांगली जगली. बाजारात जायची, जिना चढायची, माझ्या घरी येऊन माझ्या बायकोला भरतकामात नावं ठेवायची. कपडे पायघोळ घालायची, पहिल्यापासूनच. धाकटा तिच्याबरोबर निघाला की नेहमी दोन पावलं पुढे चालायचा. मला वाटायचं, घाईचा माणूस. गवईंनी मात्र त्या घरी येणं सोडलं. रस्त्यात आई समोरून आली तर ते आकाशाकडे बघायचे.

एकदा मीच त्याला विचारलं, "तू आईकडे वळून का बघत नाहीस रे?"

"तोंडाकडे बघतो की," तो म्हणाला.

झोपेतच गेली ती. नंतर पंधरा दिवसांनी, एका संध्याकाळी, धाकटा माझ्याकडे आला आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याने मला सांगितलं. त्याआधी एक शब्द नाही. काखेत वर्तमानपत्राची पुडी होती. वहिनी आईच्या वस्तू आवरत होती, तिने ही त्याच्या हातात दिली होती. उघडली. आत आईच्या चपला. ती उठली त्याच आठवड्यात वहिनीने घेतलेल्या, तपकिरी. सव्वातीन वर्षं दुसरी जोडी तिने पायात घातली नव्हती, हे मीही पाहिलेलं. पट्टे घामाने काळे पडले होते. अंगठ्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली. आतल्या बाजूला पाचही बोटांचे ठसे खोल उमटलेले.

त्याने त्या माझ्या टेबलावर उलट्या ठेवल्या.

तळ कोरे होते. दुकानातून आणल्या दिवशी असतील तसे. धुळीचा कण नाही, ओरखडा नाही. आणि डाव्या तळाच्या मधोमध नंबराची कागदी चकती अजून चिकटलेली होती. तिची कडसुद्धा उचकटली नव्हती.